मागे उरलेली पांघरुणं

दुसरा महिना, दिवस सव्विसावा

भंतेंनी आज जुन्या कागदांची एक गठडी माझ्यापुढे ठेवली. जिल्ह्याच्या कचेरीने टाकून दिलेले कागद आहेत. एका बाजूला कुठल्याशा गावातल्या माणसांची मोजदाद, दुसरी बाजू कोरी. म्हणाले, "इनामे, इथे जे जे मरतात त्यांचं नाव-गाव लिहून ठेवत जा. तिकडचा कोणी या रस्त्याने आलाच तर घरी निरोप तरी जाईल."

नावं लिहूनही पुष्कळ जागा उरते, तिथे मी माझं लिहिणार. कोणी वाचायची भीती नाही. इथे अक्षर येणारे आम्ही दोघंच, आणि भंते एन्काइ दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणाऱ्यांतले नाहीत. माझे वडील कचेरीत लेखनिक होते, म्हणून मला अक्षर आलं. शेतकऱ्याच्या घरी पडले तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. आता झाला.

पाऊस रिपरिपतोय. राजधानीच्या वाटेवरच्या आमच्या या विसाव्यात आज नऊ वाटसरू आहेत.

दुसरा महिना, दिवस अठ्ठाविसावा

आज एक मेला. हारिमा प्रांताचा, नाव उशिकाइ, वय विशीच्या आत. ताप नाही, खोकला नाही. नुसती भूक. राजधानीला मिठाची पोती पोचवली, परतताना शिदोरी संपली, तीन दिवस गवत चघळत आला. मी पेज पाजली तर पोटाने ती धरली नाही.

माझा नवरा असाच गेला. कराचं कापड पाठीवर घेऊन गेला, पोचवलं, शिक्का घेतला, आणि येताना फाट्यावरच्या झाडाखाली बसला तो उठलाच नाही. आठ दिवस लोक त्याच्याकडे बघत पुढे जात होते. जाळायला कोणी नव्हतं. त्यानंतर वर्षभराने भंतेंनी या नदीच्या उताराशी हे बुटक्या छपराचं घर बांधलं, आणि मी डोकं भादरून त्यांच्याकडे आले. सरकारी यादीत माझं नाव नाही. सरकारच्या मते मी भिक्खुणी नाहीच. नसू दे. चूल पेटवायला परवाना लागत नाही.

तिसरा महिना, दिवस दुसरा

वाकामेला मुलगी झाली! नेमारो, माझा जावई, धावतच सांगायला आला. बोलताना त्याला दम लागत होता आणि दात दिसत होते. मी जाऊन बघून आले. नाक माझ्या नवऱ्याचं आहे. वाकामे म्हणाली, "आई, तुझं डोकं बघून ती रडत नाही, तिला वाटतंय आपल्यासारखंच कोणीतरी टकलं आलंय."

किती दिवसांनी हसले.

तिसरा महिना, दिवस पाचवा

पश्चिमेकडून चौदा जणांची टोळी आली, थेट त्सुकुशीहून. त्यातले तिघे तापाने फणफणलेले. टोळीचा म्होरक्या जरा बऱ्या घरचा, अंगात रेशमाचा पुंजका भरलेला जाड अंगरखा, तरी दात वाजत होते.

ओकिमारो त्यांच्यापाशी उकिडवा बसून बघत राहिला. तो आमच्याकडे लाकडं फोडतो, प्रेतं उचलतो आणि टोमणे मारतो. दोन वर्षांपूर्वी तोही त्सुकुशीहूनच ओझं घेऊन आला होता. परत गेला नाही, कारण तिकडे त्याचं कोणी उरलं नव्हतं. त्याचं तोंड किड्याने पोखरलेल्या लाकडासारखं आहे.

"वाटाणे आहेत," तो म्हणाला.

"कसले वाटाणे?"

"थांबा दोन दिवस, ताई. तोंडावर उगवतील."

तिसरा महिना, दिवस आठवा

उगवले. खरंच वाटाण्यासारखे, आधी कपाळावर, मग तोंडात, घशात. पेज गिळता येत नाही. मी चिंधी भिजवून ओठांवर पिळते. म्होरक्या आज सकाळी गेला. कामात्सु त्याचं नाव, बुझेन प्रांत. भंतेंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पू त्यांच्या चीवराला लागत होता आणि ते त्याच्याशी त्याच्या गावच्या आलुबुखाराच्या—छे, काय लिहिते मी, बोरांच्या झाडाबद्दल बोलत होते. डोळे मिटताहेत माझे.

तिसरा महिना, दिवस नववा

मेलेल्याच्या अंगावरचं जिवंताला द्यायचं हा भंतेंचा पहिल्यापासूनचा नेम. "थंडी फक्त जिवंताला वाजते," ते म्हणतात. बाकीचे दोघेही रात्रीत गेले, म्हणून तिघांचे कपडे निघाले, शिवाय पांघरुणं. ओकिमारोने ते चितेवर टाकायला उचलले तर भंतेंनी त्याचा हात धरला.

"हे काय करतोस?"

"आमच्याकडे जाळतात."

"कोण जाळतात? ज्यांच्याकडे दुसरे असतात ते."

तेवढ्यात हिरोमे आली. गावचा मुख्य तारिमारो, त्याची आई. सत्तरीची आहे, जीभ विशीची. लांबूनच ओरडली, "जाळ रे बाबा, जाळ! त्या कपड्यांत ते बसलेलं असतं."

"कोण बसलेलं असतं, आजी?" भंतेंनी विचारलं.

"नाव घेत नाही मी त्याचं."

"बरं, मीच विचारतो त्याला." आणि भंतेंनी तो जाड अंगरखा उचलून स्वतःच्या अंगात घातला. आखूड होता, कोपराशीच संपला. तसेच ते गावभर फिरले, दारोदार थांबून म्हणाले, "बघा, आत मी एकटाच आहे. दुसरं कोणी भेटलं नाही." पोरंसोरं मागे हसत होती. भूतखेत, गंडेदोरे यांवर चिडणारा मी पाहिलेला हा पहिला साधू. म्हणून तर मी यांच्यामागे आले.

तिसरा महिना, दिवस दहावा

सकाळी अजून बोटं आखडतात. भंतेंनी अंगरखा काढून मला दिला. "बाळंतिणीला ऊब हवी. वाकामेला दे." धुतला असता तर आतला पुंजका गोळा होऊन वाया गेला असता, म्हणून दिवसभर उन्हात टाकला आणि झटकला. वाकामेने तो अंगावर घेऊन पोरीला आत ओढली. दोघींची तोंडं तेवढी बाहेर. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा लेकीला रेशीम देऊ शकले.

बाकीचं गावातल्या दहा घरांत वाटलं. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

तिसरा महिना, दिवस चोविसावा

वाकामेला ताप.

तिसरा महिना, दिवस सत्ताविसावा

फोड.

ओकिमारोने आज केलेली गोष्ट मी त्याला कधी माफ करणार नाही. मी पाणी आणायला गेले असताना तो आला, पोर उचलली, नेमारोच्या हातात दिली आणि म्हणाला, "डोंगराच्या पलीकडे तुझ्या आईकडे ने. आत्ता. अंगावरचा कपडा इथेच टाक, उघडी ने."

मी धावले. "आईचं दूध तोडतोस? पंचवीस दिवसांची आहे ती!"

"शेळीचं दूध, तांदळाची पेज, काहीही पाजा. पण इथे नको."

"तू कोण सांगणारा?"

"मी कोणी नाही, ताई. मला दोन होत्या."

नेमारो माझ्याकडे न बघता निघून गेला. वाकामेच्या छातीला दूध दाटलंय, ती कण्हते. तापापेक्षा मला त्याचंच वाईट वाटतं.

चौथा महिना, दिवस सहावा

वाकामे गेली. सकाळी, कोंबडा आरवल्यावर. वय एकोणीस, सेत्सु प्रांत, हेच गाव. दुसऱ्यांची नावं लिहिते त्याच यादीत लिहिलं, कारण दुसरी यादी नाही.

चौथा महिना, दिवस तेरावा

सात दिवस झाले. कारण शोधते आहे. बाळंतपणात तिने कच्चा मासा खाल्ला होता. तिसऱ्या महिन्यात मी दोनदा पहाटेचा पाठ चुकवला. वारा पश्चिमेचा होता. भंतेंना विचारलं तर ते म्हणाले, "कारण असेलच असं धरून तू त्रास करून घेऊ नकोस." मग बराच वेळ माझ्याशेजारी बसून भाजी निवडत राहिले. त्यांना भाजी निवडता येत नाही. देठ ठेवून पानं टाकतात.

चौथा महिना, दिवस अठ्ठाविसावा

गावात आता रोज एक तरी. विसाव्यात रोज दोन-तीन. लिहायला वेळ नाही. नावंही पुरती लिहीत नाही. "इयो प्रांताचा उंच माणूस" एवढंच लिहिलं एका जागी.

गावातल्या अनाथ पोरांना आणि म्हाताऱ्यांना भंतेंनी आणखी पांघरुणं वाटली. पोरं दोन्ही हातांनी घेतात.

पाचवा महिना, दिवस तिसरा

तारिमारो दहा माणसं घेऊन आला. हातात विळे होते, पण खाली धरलेले. वाईट माणूस नाही तो. विसावा बांधायला पहिला बांबू त्यानेच दिला होता.

"भंते, दार लावा. हे रस्त्याने येतंय. रस्ता सरकारचा, तो काही आम्हाला बंद करता येत नाही. तुमचं दार तरी लावा."

भंते म्हणाले, "दार लावलं तर ते तुमच्या अंगणात मरतील."

"चालत राहतील. पुढच्या गावात जातील."

मला राहवलं नाही. मी दारात जाऊन उभी राहिले. "माझा नवरा असाच चालत राहिला, तारिमारो. पुढच्या गावात जाईल म्हणून सगळ्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं."

त्याने विळा पाठीमागे नेला. मग हळू म्हणाला, "तुझा नवरा एकदा मेला, इनामेताई. आमचे रोज मरतायत."

भंतेंनी दार लावलं नाही. ते लोक गेले. जाताना एकाने आमची पाण्याची कावड विळ्याने तोडली, उगाच, हाताला काहीतरी करायला हवं म्हणून.

मी बरोबर केलं ना? कोणाला विचारू?

पाचवा महिना, दिवस विसावा

तारिमारोचा थोरला गेला.

सहावा महिना, दिवस आठवा

राजधानीतून उपायांचा कागद निघालाय म्हणे, प्रत्येक प्रांताला. कचेरीचा शिपाई तो नदीपलीकडून काठीला बांधून आमच्याकडे फेकून पळाला. भंतेंनी मोठ्याने वाचून दाखवला. पोटाला आणि कमरेला तागाचं कापड गुंडाळा, जमिनीवर निजवू नका, गार पाणी देऊ नका, भाताची पेज द्या, कच्चं फळ नको. हे सगळं आम्ही करतोच आहोत. शिपाई म्हणे, राजधानीत मोठमोठे मंत्रीही पटापट जाताहेत.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही," ओकिमारो म्हणाला. भंतेंनी कागदाची घडी घातली आणि त्याला विचारलं, "तुला काय माहीत आहे?"

कधी नव्हे ते ओकिमारो टोमणा न मारता बोलला. "मला एवढंच माहीत आहे की त्सुकुशीत माझ्या भावाच्या घरी ताप नव्हता. मी बरा झालो म्हणून वहिनीने मला नवा सदरा शिवला आणि माझा जुना तिच्या पोराला घातला. आधी तो पोरगा गेला, मग सगळे गेले. मी तेव्हा बोललो नव्हतो. इथे पहिले कपडे निघाले त्या दिवशी बोललो, तर तुम्ही हात धरलात. तुम्ही शिकलेले. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

भंते माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "पहिल्या टोळीचे कपडे कोणाकोणाला दिले, सांग."

मी सांगितलं. अकरा घरं, सगळी तोंडपाठ.

सहावा महिना, दिवस नववा

भंते सकाळीच निघाले, ऊन उतरल्यावर परत आले. पाय न धुता ओट्यावर बसले.

"अकरा घरं," म्हणाले. "त्यांतल्या नऊ घरांत पहिला ताप त्याच महिन्याच्या शेवटी आला. गावात बाकी कुठे तोवर काही नव्हतं. उरलेली दोन. एकाने पांघरूण माळ्यावर टाकलं, अजून तिथेच आहे. दुसऱ्याच्या बायकोने हिरोमेआजीचं ऐकून जाळलं."

मी म्हटलं, "योगायोग असेल."

"इनामे."

"तुम्ही स्वतः घातला होता तो! दिवसभर! तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. तीच माझी चूक. मी वाचलो, तो पुरावा समजलो. अख्ख्या गावाला दाखवत फिरलो."

मी भंतेंना आजवर उलट बोलले नव्हते. आज बोलले. म्हटलं, तुम्ही उन्हात फिरून डोकं तापवून घेतलंत. म्हटलं, म्हातारीच्या भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागलात. म्हटलं, पांघरूण देणं पाप असेल तर मग बुद्धाने काय सांगितलं? ते ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "देणं पाप नाही. न ऐकणं पाप. म्हातारी सांगत होती, ओकिमारो सांगत होता. अडाणी म्हणून मी ऐकलं नाही."

मी उठून भांडी घासायला गेले. घासून झालेली परत घासली.

त्यांचं म्हणणं खरं नाही. खरं असूच शकत नाही. मी दिवसभर उन्हात टाकला होता तो.

सहावा महिना, दिवस बारावा

भंते दारोदार जाऊन सांगत सुटलेत, "माझ्यामुळे झालं, कपडे जाळा." लोक त्यांच्या पाया पडतात. म्हणतात, बोधिसत्त्वाने आपलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एक बाई रडत होती. कपडे कोणी जाळत नाही. तारिमारो सुद्धा आज आला आणि हात जोडून उभा राहिला. "मी तुमच्या दारावर विळे आणले होते, आणि तुम्ही आमचा दोष स्वतःवर घेता!"

"अरे बाबा, मी काही घेत नाही. ते माझंच आहे!" भंते जवळजवळ ओरडलेच. तारिमारो आणखी वाकला.

ओकिमारो बाजूला थुंकला. "आता खरं बोललात तरी पूजाच होणार तुमची."

सहावा महिना, दिवस एकोणिसावा

भंतेंना ताप.

सहावा महिना, दिवस चोविसावा

फोड घशात आहेत. आवाज फुटत नाही. मला जवळ बोलावून बोटाने चीवर दाखवलं. "जाळ." मग पुन्हा, "कोणी कितीही मागितलं तरी." मी हो म्हटलं. रुग्णाला हो म्हणायचं असतं. ते बघत राहिले माझ्याकडे. माझ्या हो-ची त्यांना पारख आहे.

मग मला खूप सावकाश म्हणाले, "वाकामेचं तू मनावर... दिला मी होता."

मी म्हटलं, "बोलू नका, घसा दुखेल."

सहावा महिना, दिवस अठ्ठाविसावा

भंते एन्काइ गेले. भर दुपारी. वय त्रेसष्ट, जन्मप्रांत कावाची. ओकिमारोने आणि मी जाळलं. चीवर अजून ठेवलंय. नेसूचं एक आणि खांद्यावरचं एक. घडी करून कोनाड्यात. आज एका दिवसात सगळं होत नाही माझ्याकडून.

सातवा महिना, दिवस पहिला

सकाळी चूल पेटवत होते तर दाराशी माणसंच माणसं. गाव उरलाय त्याच्यातला अर्धा असेल. पुढे तारिमारो, त्याच्या आधाराने हिरोमे.

"ताई," तारिमारो म्हणाला, "भंतेंचं चीवर द्या. एकट्याला नको कोणाला, भांडणं होतील. वीत-वीत फाडून घरोघर देऊ. आजाऱ्याच्या अंगावर ठेवू. ज्यांनी आमच्यासाठी जीव दिला त्यांच्या चीवराला ते भिईल."

मागून एक बाई म्हणाली, "माझ्या धाकट्याला आजच कडक ताप आलाय. मला आधी द्या." तिच्या कडेवर दुसरं पोर होतं, निरोगी, अंगठा चोखत.

मी म्हटलं, "ते जाळायचंय. त्यांनीच सांगितलंय."

"ते नम्र होते. नम्र माणूस असंच सांगतो."

"त्यांनी निक्षून सांगितलंय."

"ताई, तुम्ही सहा वर्षं त्यांच्याजवळ होतात. तुमचं पुण्य झालं करून. आमच्या वाट्याला एक चिंधी पण नको का?"

लोक पुढे सरकले. रागाने नाही. हातच हात पुढे. वाकामेने हात पुढे केले होते अगदी तसे. त्या बाईचं पोर माझ्या इतकं जवळ आलं की त्याच्या केसांचा वास आला.

मला वाटलं, देऊन टाकावं. दिलं तर कोणी मला काही विचारणार नाही. सगळे पाया पडतील आणि जातील, आणि ती गोष्ट खोटी राहील. जाळायचं तर का, ते सांगावं लागेल. आणि ते मी अजून मलाही सांगितलं नव्हतं. या कागदावर सुद्धा नाही.

मी आत गेले, चीवर आणलं आणि चुलीत घातलं. धूर झाला. बायका किंचाळल्या. तारिमारोने हात घालायचा प्रयत्न केला, ओकिमारोने त्याला मागे ओढलं.

मग मी म्हटलं, आणि माझा आवाज मला दुसऱ्याचाच वाटला, "ते कपड्यांतून येतं. त्या अकरा घरांत आम्ही पोचवलं. भंते खरं बोलत होते, ते पाप कोणाचं घेत नव्हते. माझ्या वाकामेला अंगरखा मी नेऊन दिला. मी माझ्या हाताने तिच्या अंगावर घातला. मी तिला मारलं. तुमच्या घरी जे जे आमच्याकडून आलंय ते आज जाळा."

लोक चुलीपासून मागे सरले. हेच भंते बोलले असते तर तो त्यांचा नम्रपणा झाला असता. मी काही बोधिसत्त्व नव्हते. माझ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला.

पहिला दगड ज्याने मारला त्याची दोन्ही मुलं गेली आहेत. मी त्याचं नाव लिहीत नाही. कपाळाला लागला. हिरोमे मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुरे. मी सांगत होते तेव्हा तुम्ही पण हसलाच होता." त्याने दगड थांबले. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारपर्यंत गावातून ठिकठिकाणी धूर निघत होता.

सातवा महिना, दिवस चौथा

विसाव्याचं अर्धं छप्पर कोणीतरी ओढून पाडलंय. गावातून दाणा येत नाही. पूर्वी रोज कोणीतरी मूठ-पसा आणून ठेवायचं. ओकिमारो नदीत जाळं टाकतो आणि मासे आणतो. मी मासा शिजवत नाही, पण आता शिजवला. येणाऱ्यांना काय देणार?

त्याला विचारलं, "तू का जात नाहीस?"

"कुठे जाऊ, ताई? आणि मी गेलो तर तुम्ही सगळ्यांना मिठ्या मारत बसाल."

सातवा महिना, दिवस एकविसावा

गावात सहा दिवसांत नवा ताप नाही.

आठवा महिना, दिवस दुसरा

नेमारो आला. दारात उभा राहिला, आत नाही. बारीक झालाय. पोर बरी आहे, त्याच्या आईच्या मांडीवर असते, पेजेवर वाढतेय. मी म्हटलं, "एकदा लांबून बघू दे. हात लावणार नाही."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तुम्हाला शिव्या द्यायला आलो होतो, आई. वाटेत सगळ्या ठरवल्या होत्या." मग म्हणाला, "ती मोठी होईपर्यंत येऊ नका. तुमच्या दारात रोज ते लोक असतात. आणि मोठी झाल्यावर तिला काय सांगायचं ते मला अजून कळत नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

त्याने कमरेची शिदोरी काढून उंबऱ्यावर ठेवली, कोद्र्याचे लाडू होते, आणि गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. तो एकदाही मागे वळला नाही.

नववा महिना, दिवस सतरावा

थंडी पडायला लागली. पूर्वेकडून ओझेकरी परत येताहेत, उघडेवाघडे. आमच्याकडे एकही पांघरूण नाही. ओकिमारोने आणि मी घराच्या मधोमध लांब खड्डा खणलाय, त्यात विस्तव ठेवतो, दोन्हीकडे ताजा पेंढा. माणूस उठून गेला की त्याचा पेंढा त्याच विस्तवात. पाण्याचं भांडं प्रत्येकाचं वेगळं, बांबूचं, तेही जाळायचं. ज्याच्या अंगात ताप त्याला नवीन बांधलेल्या खोपटात, तिथे फक्त ओकिमारो जातो. मी दारातून पेज सरकवते. वाईट वाटतं. भंते असते तर डोकं मांडीवर घेतलं असतं.

एका म्हाताऱ्याने काल विचारलं, "बाई, सगळीकडे सांगतात की तुमच्याकडे कपडे मिळतात."

"मिळत होते," मी म्हटलं. "आता विस्तव मिळतो. जवळ सरका."

तो जवळ सरकला. पण मला वाटलं, त्याला सांगायला हवं. मग सांगितलं, वाकामेपासून सगळं. तो ऐकत होता आणि हात शेकत होता. शेवटी म्हणाला, "माझ्याकडे माझ्या मेलेल्या भावाचा सदरा आहे. मुलासाठी नेतोय." त्याने गाठोडं सोडलं, सदरा काढला, थोडा वेळ मांडीवर धरला, आणि विस्तवात टाकला. मग हळूहळू रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार होते. फिरवला नाही. काठीने विस्तव सारखा केला.

दहावा महिना, दिवस चौथा

आज पहिल्यांदा दव गोठलं. काल सात जण मुक्कामाला होते. आवा प्रांताचे पाच, सानुकीचे दोन. यादीत लिहायला कोणी नाही. सकाळी पेज पिऊन सातही जण उठून चालायला लागले.